सहाच्या पायात नसलेला आकडा

९ जानेवारी

बारक्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणून मावशी तुझ्यामागे लागली असेल. तिला सांग, ताई धडधाकट आहे, एक गुडघा सोडला तर कशाची तक्रार नाही.

वर्कशॉपमधलं काम निम्म्यावर आलंय. पाण्याचे मीटर अजून दुरुस्तीला येतात, पण मागावरचे आणि छापखान्यातले काउंटर जवळजवळ बंद झाले. सगळीकडे दिव्यांनी आकडे उमटवणारी नवी यंत्रं बसवतायत. मालक परवा म्हणाले, "ताई, तुमचे हात थकायची वाट मीटर बघणार नाहीत असं दिसतंय." मी म्हटलं, तेवीस वर्षं मी त्यांची वाट पाहिली, आता त्यांनी थोडी पाहावी.

रिकामा वेळ म्हणून मागच्या खोलीतला भंगाराचा डबा उपसला. त्यात तास-मिनिटं मोजणाऱ्या जुन्या यंत्रांची चाकं निघाली. साध्या मीटरच्या चाकावर शून्य ते नऊ असतात. पण मिनिटांचं डावीकडचं चाक असतं ना, त्यावर शून्य ते पाचच अंक, कारण एकोणसाठनंतर पुढचा तास लागतो. अशी चाळीसेक चाकं. मी त्यातली सहा एका दांडीवर ओवली आणि दाते जुळवून दिले. आता पाचनंतर लगेच शेजारचं चाक सरकतं. सहा मोजले की यंत्र १० दाखवतं, छत्तीस मोजले की १००. तुम्ही कॉलेजात याला सहाचा पाया म्हणता, एवढं मला आठवतंय.

फिरवता फिरवता एक खूळ डोक्यात शिरलं. डावीकडून चाकांना नावं दिली: शून्याचं चाक, एकाचं चाक, दोनाचं चाक, असं. प्रत्येक चाकाने एवढंच सांगायचं, की या आकड्यात माझा अंक किती वेळा आलाय. आधी चार चाकं घेऊन, चारच्या पायात करून पाहिलं. तिथे १२१० निघाला. बघ: शून्याचं चाक म्हणतं एक, आणि शून्य एकच आहे. एकाचं चाक म्हणतं दोन, आणि एक दोनदा आलाय. दोनाचं चाक म्हणतं एक, बरोबर. तिनाचं म्हणतं शून्य, तेही बरोबर. आकडा स्वतःबद्दल सगळं खरं सांगतो. आणि गंमत म्हणजे चारच्या पायातला १२१० म्हणजे आपला रोजचा शंभर. त्याच शंभराला आपल्या पद्धतीने लिहिलं की तो बिचारा खोटा पडतो.

पाचच्या पायात २१२०० मिळाला. सहाच्या पायात मात्र तीन आठवडे चाकं फिरवतेय, एकही मिळत नाही. माझं चुकतंय की असा आकडा नाहीच? तुझ्याकडे वेळ असेल तर बघ.

ताई

२० जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. चाकांचा भाग तिला कळला नाही, पण "तिला कामाच्या जागी भंगार उपसायला लावतात की काय," याची चिंता मात्र लागली. तिला समजावून सांगितलं.

तुझं कोडं छान आहे. पेपर तपासायचे गठ्ठे समोर आहेत म्हणून बसायला जमलं नाही, पण सहाच्या पायात मलाही चटकन काही दिसलं नाही. "दिसत नाही" आणि "नाही" यांत फरक असतो, ताई. नाही म्हणायचं तर ते सिद्ध करावं लागतं. ते तुझ्याच्याने झालं तर लेख होईल. आमच्या शिक्षकांच्या मासिकात असे लेख घेतात, संपादक माझ्या ओळखीचे आहेत.

दुसरं म्हणजे, आमच्या कॉलेजात गणिताचं दालन उघडायचं ठरतंय. विद्यार्थ्यांना हाताळता येतील अशी यंत्रं, ठोकळे, नमुने. ते बनवायला आणि चालवून दाखवायला एक माणूस कायमचा घेणार. पदवीची अट नाही, पण स्वतःचं काही काम दाखवावं लागेल. मला पहिली तूच आठवलीस. शाळेत असताना माझी गणितं कोण सोडवून द्यायचं, ते मी विसरलेलो नाही. लेख छापून आला तर तुझ्या अर्जाला वजन येईल. निवड समितीत मीही असेन. नात्याचं आधी सांगून टाकेन, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको.

तुझा
बारक्या

३ फेब्रुवारी

बारक्या,

असा आकडा नाही. सिद्ध झालं. दुपारच्या सुट्टीत, डबा खायचा राहिला आणि ते झालं.

पायऱ्या लिहिते. पहिली: सहाही चाकांवरच्या अंकांची बेरीज सहाच हवी, कारण चाकं मिळून सगळ्या चाकांचीच मोजदाद करतात आणि चाकं सहा आहेत. दुसरी: शून्याच्या चाकावर शून्य येऊ शकत नाही. "शून्य एकदाही नाही" असं शून्यानेच सांगायचं म्हणजे तोंडावर पडणं. तिसरी: शून्याचं चाक बाजूला ठेवलं, तर उरलेल्यांत ज्यांच्यावर शून्य नाही त्यातल्या एकावर दोन आणि बाकी सगळ्यांवर एकच असणार. चौथी: आता शून्यं एक, दोन, तीन, चार, पाच असे पाचच प्रकार उरतात. ते एकेक करून तपासले. उदाहरणार्थ, शून्यं तीन असतील तर अंक ३, २, १, ०, ०, ० एवढेच. यात एक, दोन आणि तीन प्रत्येकी एकदाच आलेत, म्हणून तिन्ही चाकांवर एक-एक पाहिजे. मग तो दोन बसवायचा कुठे? जागा नाही. बाकीचे चारही असेच कुठे ना कुठे अडतात. पाचव्यात तर दोन बसवायला चाकच उरत नाही.

सगळं कच्च्या वहीत तारीख घालून लिहिलंय, आपल्या जॉबच्या नोंदींच्याच वहीत. एका पानावर पंपाच्या मीटरचा गळका वॉशर, पुढच्या पानावर हे.

अर्ज करते. नाही म्हणणार होते, या वयात कुठे नव्या जागी, पण काल मालकांनी सांगितलं की ऑगस्टनंतर मीटर विभाग बंद. मला म्हणाले, "तुमचं बघू काहीतरी." बघू म्हणजे काय, ते मला तेवीस वर्षांत चांगलं कळलंय. दालनाची ही जागा मिळाली तर मावशीच्या जवळही येईन. माझी आई गेल्यावर अकराव्या वर्षापासून तिने मला तुझ्याबरोबर वाढवलं, आता तिला माझी गरज आहे आणि मी चार तासांवर बसलेय, हे मला बोचतं.

लेख तू म्हणतोस तसा कसा लिहायचा मला माहीत नाही. हे पत्रच मासिकाला दिलं तर चालेल का?

ताई

१५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

कमाल केलीस. खरंच.

फक्त तिसरी पायरी मला पुन्हा समजावून सांग. एकावर दोन आणि बाकीच्यांवर एकच, हे का? दोन दिवस डोकं लावलं, बसत नाही. आणि सहाच्या पुढच्या पायांचं काय होतं, तेही पाहिलंस का? असेल तर सगळं सविस्तर लिही. लेखाची भाषा मी नीट करून देतो, तू काळजी करू नकोस.

एक मात्र कर, तोवर कुणाला दाखवू नकोस. अशा गोष्टी कुणी कधी उचलेल, सांगता येत नाही.

बारक्या

२२ फेब्रुवारी

बारक्या,

तिसरी पायरी सोपी आहे, तू शिकलेला आहेस म्हणून अडलास. वाटणी कर. समज, शून्यं तीन. मग शून्य नसलेली चाकं तीन, त्यातलं एक शून्याचं स्वतःचं. उरली दोन. एकूण बेरीज सहा, त्यातले तीन शून्याच्या चाकाने घेतले, उरले तीन. दोन चाकांत तीन वाटायचे आणि कुणालाही रिकामं ठेवायचं नाही. मग एकाला दोन आणि एकाला एक, दुसरं होतच नाही. शून्यं कितीही धर, वाटायचं नेहमी चाकांपेक्षा एकानेच जास्त उरतं.

पुढचंही पाहिलं. सातपासून पुढे प्रत्येक पायात असा एक आकडा मिळतोच. सातात ३२११०००, आठात ४२१०१०००, आपल्या दहात ६२१०००१०००. शून्याच्या चाकावर पायातून चार वजा करून लिहायचे, मग दोन, मग एक, मग शून्यं, आणि शेवटून चौथ्या चाकावर एक. चार जमतो, पाच जमतो, सातपासून सगळे जमतात. मधला सहाच तेवढा अडलेला. माझ्या डब्यात नेमकी सहाचीच चाकं निघावीत, याचं मला हसू येतं. पाचची निघाली असती तर पहिल्याच दिवशी आकडा मिळाला असता आणि मी डबा बंद करून चहा प्यायले असते.

कुणाला दाखवायला इथे आहे कोण? मालकांना दाखवलं तर विचारतील, हे कोणाचं मीटर आणि घेऊन कधी जाणार?

भाषा नीट कर, पण फार नीट करू नकोस. शून्याचं चाक, एकाचं चाक, ही नावं ठेव. तशी वाचली की लगेच कळतं.

ताई

३० एप्रिल

प्रिय ताई,

मधे दोन महिने गेले, क्षमा कर. परीक्षा, निकाल, आणि माझ्या बढतीची फाइल, सगळं एकदम अंगावर आलं.

लेखाचं म्हणशील तर संपादक वेळ लावतात. अजून काही कळलेलं नाही. तू त्यावर विसंबून राहू नकोस.

मुलाखत एकवीस मे. माझं ऐकशील तर तिथे तो आकड्यांचा विषय काढू नकोस. समितीत सगळे गणिताचे नाहीत, त्यांच्या डोक्यावरून जाईल. त्यापेक्षा पाण्याच्या मीटरचा आडवा छेद करून ने, आतली चाकं दिसतील असा. ते लोकांना आवडतं.

आई ठीक आहे.

बारक्या

१२ मे

बारक्या,

तू माझी काळजी करतोस ते कळतं, पण मीटरचा छेद तर कुणीही कारागीर करून नेईल. मी सहा चाकांचं यंत्र पितळी पट्ट्यांवर बसवलंय, बाजूला चारचं आणि पाचचं. खटका दाबला की चाकं फिरतात. डोक्यावरून काही जात नाही, मालकांच्या सासूबाईंनासुद्धा कळलं.

एकवीसला पहाटेच्या बसने येते, थेट कॉलेजात. तिथून घरी. मावशीला सांगून ठेव.

ताई

२४ मे

बारक्या,

तू त्या दिवशी घरी नव्हतास आणि मला बसची वेळ झाली होती, म्हणून जे झालं ते लिहून कळवते.

आत तीन माणसं होती. प्राचार्यबाई मधे, भौतिकशास्त्राचे सर, आणि बाहेरून आलेले एक गृहस्थ. चौथी खुर्ची रिकामी. प्राचार्यबाई म्हणाल्या, "तुमच्या भावाला ताप आहे, निरोप आला." मला वाटलं, बिचारा.

मी यंत्रं टेबलावर मांडली. चारचं फिरवून दाखवलं, पाचचं दाखवलं. बाहेरचे गृहस्थ खुर्ची पुढे ओढून स्वतःच खटका दाबायला लागले. मग सहाचं दाखवलं आणि का मिळत नाही ते सांगितलं. चौथ्या पायरीपर्यंत पोहोचले तेव्हा भौतिकचे सर म्हणाले, "हे कुठे वाचलंत?"

"वाचलं नाही," मी म्हटलं, "चाकं फिरवताना सापडलं."

ते जरा हसले. उठून कपाटातून मासिकाचा अंक काढून आणला. एप्रिलचा. "आमच्याच सरांचा लेख आहे. शून्याचं चाक, एकाचं चाक, हे शब्दसुद्धा यातलेच आहेत, बाई."

मला काय वाटलं असेल सांग? मला आनंद झाला. मी म्हटलं, "अरे, छापून आलं का? मला त्याने कळवलंच नाही. ते माझंच आहे, त्याने फक्त भाषा नीट करून पाठवलं." आणि अंक हातात घेतला. वर तुझं नाव होतं. एकट्याचं. मी शेवटच्या पानापर्यंत उलटून पाहिलं, माझं कुठेतरी असेल म्हणून. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. वाटणीचं उदाहरण तसंच होतं, तीन शून्यांचं. "दुसरं होतच नाही" हे वाक्यसुद्धा तसंच.

भौतिकचे सर वाईट नव्हते. हळू आवाजात म्हणाले, "यंत्र सुंदर केलंय तुम्ही. पण दुसऱ्याच्या लेखावरून केलंय, हे आधीच सांगितलं असतंत तर बरं दिसलं असतं. इथे मुलं येणार आहेत शिकायला." प्राचार्यबाईंनी समोरच्या कागदावर एक ओळ लिहिली. मला उलटी वाचता येते, आमच्या कामात सवय असते. "कल्पनेची नक्कल," असं लिहिलं होतं.

मी भांडले नाही. यंत्रं गोणपाटात गुंडाळली आणि बाहेर आले.

मग घरी गेले. मावशीने दार उघडलं. मी विचारलं, ताप उतरला का त्याचा? ती म्हणाली, "कुणाचा? तो तर सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून गेला की." चहा केला तिने. टेबलावर तिच्या भिंगाखाली तोच अंक. "बघ, बारक्याचं नाव छापून आलंय. मला अक्षरं दिसत नाहीत, पण नाव कुठे आहे ते त्याने बोट ठेवून दाखवलंय." आणि तिने बरोबर त्या जागी बोट ठेवलं. मग मला विचारलं, "तुला कळतं का गं यातलं?"

"थोडं थोडं," मी म्हटलं.

तिला मी काही सांगितलेलं नाही. तीस एप्रिलला तू लिहिलंस की संपादक वेळ लावतात, तेव्हा तो अंक तुझ्या घरात होता. मुलाखतीत विषय काढू नको म्हणालास, तेही मी तुझी माया समजले. आता ते सगळं मी पुन्हा वाचलं.

तुला काय म्हणायचं आहे ते म्हण.

२ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तू समजतेस तसं नाही.

मी लेख घेऊन गेलो तेव्हा संपादकांनी पहिलाच प्रश्न केला, लेखिका कुठे शिकवतात? मी काय सांगणार होतो, मीटर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये? त्यांनी तो बाजूलाच ठेवला असता. त्यापेक्षा माझ्या नावाने निदान छापून तरी येईल, असा विचार केला. शेवटी तुझे आभार मानणारी ओळ होती. जागा पुरली नाही म्हणून त्यांनी ती काढली, ते मला अंक हातात आल्यावर कळलं. मग तुला सांगायचं कसं, हेच सुचेना. एक दिवस गेला की दुसरा दिवस जास्त अवघड होतो.

बढतीसाठी वर्षात एक लेख लागतो, हे खोटं सांगणार नाही. गेली चार वर्षं माझा एकही आलेला नाही. माझ्याच्याने होत नाही, ताई. वर्गात शिकवतो ते ठीक, पण नवीन काही सुचत नाही. तुला डबा न खाता सुचतं.

त्या दिवशी मी मुद्दाम आलो नाही, तेही खरं. तुझ्यासमोर बसून तुला प्रश्न विचारणं मला जमलं नसतं. मी दिवसभर वाचनालयात बसून होतो. पण आलो नाही म्हणून तुझं नुकसान झालं, असं मला वाटत नाही, ती जागा आधीच कुणाच्या तरी नावाने ठरलेली असावी.

आईला सांगू नकोस. तिच्या या वयात तिला कशाला.

बारक्या

१८ जुलै

ताई,

दीड महिना झाला, उत्तर नाही. आई रोज विचारते, टपालाला काय झालंय. मी सांगितलं, तू कामात आहेस.

बढतीची फाइल वर गेली आहे. प्राचार्यबाई हल्ली माझ्याशी फारच अदबीने वागतात, दर वाक्यात "सर" म्हणतात, आणि परवा लेखाबद्दल दोन-तीन प्रश्न विचारले, तिसरी पायरी मला फळ्यावर करून दाखवायला सांगितली. त्यांना गणितात एवढा रस आहे हे माहीत नव्हतं. एकंदरीत चांगली चिन्हं दिसतात. एकदा ते झालं की मी तुझ्यासाठी नक्की काहीतरी करेन.

बारक्या

६ सप्टेंबर

ताई,

एक वाईट बातमी आहे, पण तुझ्या दृष्टीने ती कदाचित चांगलीच.

मासिकाच्या नव्या अंकात एका वाचकाचं पत्र आलंय. त्याने दाखवून दिलंय की हे सगळं फार आधीपासून माहीत आहे. चार, पाच, सातपासून पुढे, आणि सहात नाही, अगदी असंच. कोड्यांच्या पुस्तकांत आहे म्हणे. संपादकांनी माझ्याकडे खुलासा मागितलाय. स्टाफरूममध्ये लोक मी आत गेलो की बोलायचे थांबतात. बढतीची फाइल पुढच्या वर्षावर टाकून प्राचार्यबाईंनी परत पाठवली.

म्हणजे बघ, ते ना तुझं होतं ना माझं. मी तुझं घेतलं असं तू म्हणतेस, पण घेण्यासारखं तिथे काही नव्हतंच. तेव्हा आता मनातली अढी काढून टाक.

एक काम कर. तुझी ती कच्ची वही मला पाठव, तारखांची. हे कुठूनही उचललेलं नाही, घरातच स्वतंत्रपणे शोधलेलं आहे, एवढं त्यातून सिद्ध होईल. आपण दोघांनी मिळून केलं असं मी लिहीन, तुझं नाव पहिलं घालीन. वही प्राचार्यबाईंना दाखवली की त्यांचा गैरसमज दूर होईल. लवकर पाठव, खुलाशाला पंधरा दिवस आहेत.

बारक्या

१६ सप्टेंबर

प्राध्यापक,

वही मिळणार नाही. का, ते सांगते, म्हणजे पुन्हा मागायला नको.

तुझं दोन जूनचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी रजा काढून तुझ्या कॉलेजात आले होते. तू वर्गावर होतास, आवाज येत होता. प्राचार्यबाईंसमोर कच्ची वही ठेवली आणि तुझी सगळी पत्रं ठेवली. त्यांनी चष्मा बदलला आणि एकेक करून वाचलं. पंधरा फेब्रुवारीचं दोनदा वाचलं, ज्यात तू तिसरी पायरी पुन्हा समजावून सांग म्हणालायस. मग म्हणाल्या, "ती जागा आता भरली आहे, ती मी तुम्हाला देऊ शकत नाही."

"जागेसाठी आले नाही," मी म्हटलं. "तुमच्या कागदावर माझ्या नावापुढे एक ओळ आहे, ती खोडून हवी."

"आणि सरांबद्दल? लेखी तक्रार देता का?"

त्या घरात मावशी आहे. तुझी नोकरी गेली तर ती तुझ्याबरोबर रस्त्यावर येईल. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग मी वाट बघते. ते स्वतः येऊन सांगतात का, बघू." त्यांनी फाइल मागवली, ती ओळ खोडली, शेजारी सही करून तारीख घातली, आणि भौतिकच्या सरांना बोलावून त्यांचीही सही घेतली. त्या सरांनी उभं राहून माझी माफी मागितली. मला अवघडल्यासारखं झालं.

तेव्हा ज्यांचा गैरसमज दूर करायला तुला वही हवी आहे, त्यांनी ती जूनमध्येच वाचली आहे. तुझ्याकडून फळ्यावर तिसरी पायरी कशासाठी मागितली, तेही आता तुला कळेल. तीन महिने त्यांनी तुला वेळ दिला. तुला ती चांगली चिन्हं वाटली.

मीटर विभाग ऑगस्टअखेर बंद झाला. मी शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात लागले आहे. जागा अंधारी आहे, मालक बरे आहेत. चाकांचा डबा मी मागून घेतला, कुणाला नकोच होता.

वाचकाच्या पत्राचं तुझ्याकडून कळलं तेव्हा वाईट वाटलं, हे लपवत नाही. पण नंतर बरंही वाटलं. कुठेतरी कुणीतरी माझ्यासारखंच सहाशी झटत बसलं असेल आणि शेवटी नाहीच म्हणालं असेल. त्या माणसाने माझं काही घेतलं नाही, मी त्याचं काही घेतलं नाही. तू म्हणतोस, घेण्यासारखं काही नव्हतंच. मग घेतलंस कशाला? लोकांनी ते माझ्या आधी शोधलं होतं. नंतर मी शोधलं. तुला ते टपालाने मिळालं.

मावशीला मी यापुढे वेगळी पत्रं लिहीन. ती तू वाचून दाखवू नकोस. तिच्या शेजारच्या शिवणाऱ्या बाईंशी मी जूनमध्येच बोलून ठेवलंय. त्या दर रविवारी येऊन वाचतील, जसं लिहिलंय तसं.